चार ते दहा

आठवडाभर मी पाणी वर चढवतो, खाली उतरवतो.
एम्डेनच्या अलीकडे, कालव्याच्या दरवाज्यांवर
तेहतीस वर्षं नोकरी.
माझ्यासमोरून जे जातं ते चालत्या माणसाच्या वेगानं जातं :
वाळू, गुरांचा चारा,
एकदा एक आख्खं चर्चचं छप्पर.

म्हणून असेल. किंवा नसेलही.
फ्राउके म्हणाली, साठी आली, बुद्धी नाठी व्हायचीच,
फक्त लाल रंगाची नको.

लाल नव्हतीच.
ओल्या पाटीसारखी करडी, दोन दारांची, बुटकी,
आमच्या मुलीहून चार वर्षांनी मोठी,
उल्फर्ट्स बाईंच्या कोठारात
सफरचंदांच्या रिकाम्या खोक्यांमागे उभी.
बाईंनी बटण दाबलं.
बॉनेटमधून दिवे पापण्यांसारखे उघडले,
डावा लगेच,
उजवा जेवणानंतरच्या तासाला बसलेल्या पोरासारखा.
चाळीस वर्षं लॅटिन शिकवलेल्या बाई
त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग तोही उघडला.

टामो गाडीखाली शिरला. बाहेर उरले त्याचे बूट.
तळ शाबूत आहे, बूट म्हणाले.
टायमिंग बेल्ट कधी बदललाय?
मी निवृत्त झाले त्या वर्षी.
म्हणजे?
अकरा वर्षं झाली.
बूट बराच वेळ काही बोलले नाहीत.

का विकताय, मी विचारलं.
बसता येतं, बाई म्हणाल्या, उठता येत नाही.
गेल्या महिन्यात पोस्टमननं ओढून काढलं.

किलोमीटरचे आकडे थांबलेले :
एक लाख त्रेचाळीस हजार दोनशे बारा.
आत प्लास्टिकचं दातेरी चाक असतं, नखाएवढं. ते गेलं.
मग त्यानंतर किती चालली?
बाईंनी कप्प्यातून एक वही काढली.
तारीख. पेट्रोल. आणि किलोमीटरच्या रकान्यात
नीट, शिक्षकी अक्षरात :
ग्रीटझील, उलटा वारा.
ब्रेमेन, येताना भांडण.
नुसतीच.
नुसतीच.
दात काढला, तरी गेले.
नुसतीच.

सहा हजार आठशेवरून टामो खाली उतरू लागला,
बेल्टचे वजा, टायरांच्या भेगांचे वजा,
छताच्या खिडकीतून गळतं त्याचे वजा.
पाच हजार नऊशेला बाई थांबल्या.
मी म्हटलं, वहीसकट सात देतो.
बोलून गेलो.
टामोनं माझ्या पायावर पाय दिला.
बाईंनी वही एप्रनच्या खिशात घातली
आणि पाच हजार नऊशेच मोजून घेतले, दोनदा.

नंबरपट्टीच्या कडेला आता दोन आकडे आहेत,
एकाखाली एक : चार, दहा.
एप्रिल ते ऑक्टोबर तेवढं रस्त्यावर यायचं.
उरलेले महिने झोपायचं, सरकारी परवानगीनं.
हा कर भरताना मला पहिल्यांदाच
कुणाचा तरी हेवा वाटला.

पहिल्या शनिवारी कुठे जायचं ते ठरलं नव्हतं.
खड्ड्यात बसल्यासारखे आम्ही दोघं,
गुडघे छातीशी, मागे ते बारीक गुरगुरणं,
आणि हात सवयीचे, कामाच्याच रस्त्याला वळले.
पुलाची घंटा वाजली. लाल दिवा. दांडी खाली आली.
ड्यूटीवर इम्के होती.
तिनं खिडकीतून पाहिलं. गाडी पाहिली. मला पाहिलं.
मग पूल उचलला, सावकाश,
जसा मी उचलतो,
हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी तर आणखीच सावकाश.

मी इंजिन बंद केलं.
गरम पत्रा टिक टिक करत निवू लागला.
समोरून वाळूची नाव निघाली,
डेकवर एक सायकल, वाळत घातलेले टॉवेल,
आणि एक कुत्रा, जो उभा राहून
आमच्याकडे बघत बघत गेला,
मान वळवत, शेवटपर्यंत.

किती वेळ लागतो याला, फ्राउकेनं विचारलं.
तेहतीस वर्षांत पहिल्यांदा.
अकरा मिनिटं, मी म्हटलं,
वारा असला तर बारा.
तिनं सीट मागे केली, जेवढी जाते तेवढी,
आणि पायातले बूट काढले.